फ्लेमिंगो ऊर्फ ज्वाळकर

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडचे एक गृहस्थ नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला गेले. लेकीने विचारलं, "बाबा, फ्लेमिंगो म्हणजे काय?" बोटीतल्या कुणीतरी ठासून सांगितलं, की स्पेनच्या फ्लेमेंको नाचावरून हे नाव पडलं. घरी येऊन शोधलं तर कुठे 'ज्वाळा' सापडली, कुठे 'फ्लँडर्सची लाल तोंडाची माणसं'. मराठीत कुणी रोहित म्हणतं, कुणी अग्निपंख, आणि शेजारच्या गुजराती आजी म्हणाल्या, "ए तो सुरखाब!" त्यावर लेकीचा दुसरा प्रश्न: "नाव आगीचं, मग ते पांढरे का होते?"

मी वीसेक वर्षं या खाडीत लोकांना पक्षी दाखवतो. पहिला प्रश्न मला शेकडो वेळा आलाय. दुसरा फार कमी वेळा येतो, आणि खरी गंमत त्यातच आहे. पण आधी नाचाचा निकाल लावू.

नाचाची गोष्ट मीही सांगायचो. सुरुवातीची तीन-चार वर्षं अगदी रंगवून सांगायचो: हे बघा, लाल घागरा, उंच मान, पायांचा ठेका! लोक खूश व्हायचे. एकदा शिवडीच्या जेट्टीवर मडगावच्या एक आजीबाई होत्या, जुन्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, आमच्या लहानपणी डब्यातलं लाल सालीचं चीज यायचं, त्यालाही फ्लामेंगूच म्हणायचे. ते काय नाचायचं?" सगळे हसले. मी कानाला खडा लावला आणि नीट वाचायला बसलो.

आजीबाईंच्या त्या चीजमध्ये गोंधळाचं मूळ आहे. पोर्तुगीजमध्ये 'फ्लामेंगू' म्हणजे फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या मुलखातला. चीज त्या धर्तीचं, म्हणून चीज फ्लामेंगू. जुन्या पोर्तुगीजमध्ये पक्षीही फ्लामेंगू. स्पॅनिशमध्ये तर 'फ्लामेंको' या एकाच शब्दात पक्षी, फ्लँडर्सचा माणूस आणि नाच असे तिघे राहतात. चाळीत एकाच आडनावाची तीन बिऱ्हाडं असली की पोस्टमनचं जे होतं, तेच शब्दांचा माग काढणाऱ्यांचं इथे झालं. बिऱ्हाडं शेजारी दिसली म्हणून नातं असेलच असं नाही.

नाच तर बादच करा. पक्ष्याचं नाव सोळाव्या शतकात युरोपातल्या लिखाणात रुळलेलं होतं, इंग्रजीतही त्याच शतकात पोचलं. नाचगाण्याला फ्लामेंको म्हणायची पद्धत त्यानंतर फार उशिरा आली. नातवाच्या नावावरून आजोबांचं बारसं होत नाही.

फ्लँडर्सवाल्यांची बाजू जरा बरी आहे. त्यांचं म्हणणं असं, की सोळाव्या शतकात फ्लँडर्स स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता, तिथली गोरी, उन्हाने लाल होणारी माणसं स्पेनमध्ये दिसायची, त्यांच्यावरून गुलाबी पक्ष्याला थट्टेने ते नाव पडलं. ऐकायला झकास. पण मला ते पटत नाही, आणि बहुतेक शब्दकोशही दुसऱ्या बाजूला झुकतात. ती बाजू अशी: दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या बोलीत पक्ष्याला 'फ्लामेंक' म्हणत. त्यात 'फ्लामा' म्हणजे ज्वाळा, लॅटिन 'फ्लाम्मा'ची लेक. पुढचा 'एंक' हा जर्मन घराण्यातल्या भाषांकडून आलेला प्रत्यय, अर्थ 'त्यातला, त्याचा'. आपल्याकडे गावाला 'कर' जोडून पुणेकर, वसईकर होतात, त्या जातीचा. म्हणजे मराठी वळणाने आडनाव पाडायचं तर फ्लेमिंगो म्हणजे 'ज्वाळकर'. तुमच्या लेकीला हेच सांगा, जन्मात विसरणार नाही.

पटण्याचं माझं कारण पुस्तकी नाही. प्रोव्हान्सच्या कुशीत कामार्ग नावाचा प्रदेश आहे, ऱ्होन नदीच्या मुखाशी. खारं पाणी, चिखल, मिठागरं. आपल्या भांडुप-ऐरोलीच्या पट्ट्याची आठवण यावी असा. आपल्याकडे फ्लेमिंगोच्या दोन जाती दिसतात, मोठा आणि छोटा. त्यातले मोठे फ्लेमिंगो तिथे आजही हजारोंनी घरटी करतात. फ्लँडर्समध्ये हा पक्षी वस्तीला नाही. ज्या कोळ्याला, मिठागरवाल्याला पक्षी रोज दिसतो, तो त्याला नाव देणारच, आणि ते देताना दूरच्या मुलखातल्या लोकांची तोंडं आठवत बसणार नाही. समोर जे दिसतं तेच म्हणेल. फ्रेंचमध्ये आज पक्ष्याला 'फ्लामां' म्हणतात, आणि फ्लँडर्सच्या माणसालाही, फक्त शेवटचं अक्षर वेगळं लिहितात. उच्चार अगदी तोच. कानाने ऐकणाऱ्याने दोन्ही एक धरले तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

मुंबईकर म्हणून मला एका गोष्टीचं नवल वाटतं. पोर्तुगीज वसईला दोनशे वर्षं होते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये त्यांना काढलं, पण त्यांचे शब्द राहिले: पगार, चावी, लिलाव, बटाटा, पाव, हापूससुद्धा. खाडीवरच राहिलेल्या त्या लोकांकडून पक्ष्याचं नाव मात्र आपण घेतलं नाही. तो शब्द पोर्तुगीजमधून इंग्रजीत गेला आणि तिकडून फिरून आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातून आणि वर्तमानपत्रातून आला. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसायला लागले तेच मुळी १९९०च्या दशकात. पक्षी आणि शब्द, दोघंही शहराच्या बोलण्यात साधारण एकाच वेळी शिरले.

आता ज्वाळा कुठे आहे ते. लोकांना वाटतं, पक्षी गुलाबी म्हणून ज्वाळा. पण गुलाबी रंगाला कुणी ज्वाळा म्हणेल का? गुलाब म्हणेल, गुलकंद म्हणेल. ज्वाळा आहे ती पंखात. हा पक्षी चिखलात उभा असतो तेव्हा ती घडी घालून ठेवलेली असते. मोठा फ्लेमिंगो तर दुरून जवळजवळ पांढराच दिसतो, पंखाच्या कडेला जरासा गुलाबी. तुमच्या लेकीला दिसले ते बहुधा हेच. पण तो उडताना पंख उघडतो तेव्हा आतून भडक लाल पट्टा बाहेर येतो, आणि त्याला लागून उडायची काळीभोर पिसं. चुलीतला निखारा फुंकला की राखेखालून लाल वर येतो ना, अगदी तसं. हजार पक्षी एकदम उठले की खाडीचा एक तुकडा पेटल्यासारखा वाटतो, आणि बोटीत एरवी अखंड चालू असलेल्या गप्पा थांबतात.

हे ज्यांनी पाहिलं त्यांनी नावात पंखच धरला, ही माझी खात्री. ग्रीकांनी या पक्ष्याला 'फोइनिकोप्टेरोस' म्हटलं. 'फोइनिक्स' म्हणजे किरमिजी-जांभळट लाल, 'प्टेरोन' म्हणजे पंख. इ.स.पू. ४१४ मधल्या एका ग्रीक नाटकात हा पक्षी रंगमंचावर येतो आणि त्याच्या नावातल्या लाल रंगावर विनोद होतो. पहिल्या शतकातल्या एका रोमन कवीने तर पक्ष्याच्याच तोंडी दोन ओळी घातल्या, मतलब असा: लाल पंखाने मला नाव दिलं, पण खादाडांना आवडते माझी जीभ. रोमन श्रीमंतांच्या पंगतीत फ्लेमिंगोची जीभ हे पक्वान्न होतं. लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नावं देताना हाच ग्रीक शब्द उचलला, म्हणून मोठ्या फ्लेमिंगोच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द फिनिकॉप्टेरस. इटलीत लोक आजही त्याला 'फेनिकोत्तेरो' म्हणतात. छोट्या फ्लेमिंगोच्या नावातला पहिला शब्द फिनिकोनायस, म्हणजे लाल जलपरी. शास्त्रज्ञही कधी कधी प्रेमात पडतात.

तेव्हा आपलं 'अग्निपंख' हे नाव ज्याने कुणी घडवलं, त्याने ग्रीकांचा पंख आणि प्रोव्हान्सची ज्वाळा एकाच शब्दात बसवली. सुंदर शब्द आहे. माझी तक्रार एवढीच, की तो लिहिण्याचा शब्द आहे, बोलण्याचा नाही. "अरे बघ बघ, अग्निपंख!" असं ओरडलेलं मी आजवर ऐकलं नाही.

'रोहित' जुनं आणि सोपं. संस्कृतात रोहित म्हणजे लाल, तांबूस. 'लोहित' त्याचाच भाऊ. रोहू मासा आहे ना, तोही मूळचा रोहितच. पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांत मोठा रोहित आणि छोटा रोहित असंच लिहितात आणि मीही तेच वापरतो. मुंबईत एक अडचण होते: बोटीत "रोहित आला!" म्हटलं की दोन-चार पोरं वानखेडेच्या दिशेने वळतात.

आजींचा सुरखाबही चूक नाही. फारसीत 'सुर्ख' म्हणजे लाल, 'आब' म्हणजे पाणी. मोठा फ्लेमिंगो गुजरातचा राज्यपक्षी आहे आणि कच्छच्या मोठ्या रणातल्या त्याच्या वसाहतीला तिकडे सुरखाबनगर म्हणतात, त्या भागात हंज असाही शब्द आहे. फक्त हिंदी-उर्दूत सुरखाब म्हणजे बहुधा वेगळाच पक्षी, आपला चक्रवाक, तो नारिंगी बदक. 'सुरखाब के पर' लागलेत का, असं हिंदीत विचारतात ते त्या बदकाचे पर. एका नावाखाली दोन पक्षी, सांभाळून घ्यायचं.

खरा राग मला 'राजहंस' म्हणण्याचा येतो. हिंदीतून ते इकडे येतं आणि बातम्यांत घुसतं. आपल्याकडे राजहंस म्हणजे बदकांच्या घराण्यातला खरा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येतो तो. फ्लेमिंगोचा त्याच्याशी काही संबंध नाही. याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे तळ्यात बुडी मारणाऱ्या त्या एवढ्याशा टिबुकल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण एक मात्र म्हणेन: नीर आणि क्षीर वेगळं करण्याची जी करामत आपण हंसाच्या नावावर लावली, ती अक्षरशः कोण करत असेल तर हा. डोकं खाली, चोच उलटी, म्हणजे वरचा जबडा चिखलाकडे. जीभ पिचकारीच्या दांड्यासारखी मागे-पुढे होते, पाणी आत येतं, चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी चाळणीतून बाहेर जातं आणि खाणं आत राहतं. छोट्याची चाळणी अगदी बारीक, त्यामुळे तो सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठ्याची जरा जाड, तो बारीक कोळंबीसारखे जीव, अळ्या, शिंपल्यातले किडे असलं काही बाही उचलतो. एकाच चिखलात दोघं जेवतात, पण भांडण नाही, कारण ताटं वेगळी.

आणि इथे लेकीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. रंग पक्ष्याचा स्वतःचा नाही. शेवाळात आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जीवांत गाजराच्या रंगाच्या घराण्यातली द्रव्यं असतात. ती पोटात जातात, यकृतात त्यांचं रूप बदलतं आणि मग पिसात, कातडीत, पायात उतरतात. स्वयंपाकघरात दाखवायचं असेल तर कोळंबी घ्या. कच्ची असताना करडी, निळसर. तव्यावर टाकली की दोन मिनिटांत नारिंगी-गुलाबी. रंग बाहेरून येत नाही, तो आधीपासून आतच असतो, प्रथिनाला बांधलेला, उष्णतेने मोकळा होतो. त्याच रंगद्रव्याच्या जातीवर फ्लेमिंगोचा गुलाबी चालतो. प्राणिसंग्रहालयात साधं धान्य घातलं तर काही काळात हे पक्षी फिके पडतात, म्हणून त्यांच्या खाण्यात मुद्दाम असली द्रव्यं मिसळतात.

पिल्लू जन्मतं ते राखाडी-पांढऱ्या लवेचं, चोचही सरळ. वर्ष-दोन वर्षं ते मळकट करडंच राहतं आणि हळूहळू रंग धरतं. ठाणे खाडीत दिसणाऱ्या थव्यांत अशी पोरं पुष्कळ असतात. लोकांना ती 'आजारी' किंवा 'दुसऱ्या जातीची' वाटतात. आईबापांचंही ऐका: दोघंही पिल्लाला अन्ननलिकेत तयार होणारं एक लाल दूध भरवतात, आणि त्या दिवसांत स्वतः फिके पडत जातात. मोठ्या फ्लेमिंगोत आणखी एक तऱ्हा आहे. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, त्या तेलात हा रंग उतरतो आणि विणीच्या आधी पक्षी गालाने तो पिसांना चोपडत बसतो. लग्नाआधीची हळद म्हणा.

तर मुलीला पांढरे दिसले त्याची कारणं दोन असू शकतात, मोठी जात किंवा लहान वय. तिला चोच आठवत असेल तर विचारा. गुलाबी चोच, फक्त टोक काळं, आणि उंची तिच्याएवढी किंवा थोडी जास्त? मोठा रोहित. चोच सगळीच काळपट-लाल, आणि पक्षी तिच्या छातीपर्यंत येईल एवढा? छोटा रोहित. मुंबईत छोटेच जास्त, आणि मोठेपणी तेच जास्त गुलाबी.

छोटे इथे का येतात, याचं उत्तर शहराला फारसं शोभणारं नाही. सांडपाणी. आपण खाडीत जे सोडतो त्यातल्या खताने उथळ, उन्हाने तापलेल्या चिखलावर शेवाळ माजतं, आणि तेच त्यांचं जेवण. म्हणजे मुंबईच्या फ्लेमिंगोचा गुलाबी रंग थोडाफार आपल्या मोऱ्यांतून गेलेला आहे. हे ऐकून बोटीतले लोक नाक मुरडतात. मी म्हणतो, मुरडा, पण फोटो काढताना लक्षात असू द्या. मात्र 'घाण वाढली की पक्षी वाढतील' असं कुणी समजू नये. शेवाळाला प्रमाण असतं, आणि रसायनं, शिसं, पारा त्याच पाण्यात येतात.

पुष्कळसे पक्षी गुजरातेकडून येतात, साधारण नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत राहतात. पावसात रण भरलं की तिकडे चिखलाचे बुटके बुरुज रचून प्रत्येकी एक अंडं. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. शिवडीत मला तरी आता पूर्वीसारखी गर्दी दिसत नाही. जिथे जेट्टीवरून दुर्बिणीशिवाय चोचीचा रंग ओळखू यायचा, तिथून २०२४ पासून अटल सेतू जातो.

त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला रात्री उतरणाऱ्या विमानाची थव्याला धडक बसली आणि ३९ पक्षी मेले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरलेल्या फोटोंत इमारतींमधल्या जमिनीवर ते उघडे लाल पंख होते. बऱ्याच मुंबईकरांनी नावातली ज्वाळा पहिल्यांदा पाहिली ती अशी. मी ते फोटो कुणाला दाखवत नाही.

म्हणून शेवटी एक विनंती, आणि ती धंद्यातल्या माणसाची आहे. लाल पंख दिसावेत म्हणून काही बोटवाले थव्यात बोट घालतात, टाळ्या वाजवतात. पर्यटक खूश होतात आणि बक्षिसी मिळते. हे करू देऊ नका. दिवसभर डोकं खाली घालून खाणारा पक्षी उगीच उठला की त्याचं जेवण बुडतं. गरजही नाही. भरती स्वतःच उठवते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत पाणी हळू चढतं, उधाणाच्या मोठ्या भरतीला झपाट्याने. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडा, भरतीचं वेळापत्रक बघा आणि पाणी पूर्ण भरायच्या दीड-दोन तास आधी जागेवर असा. इंजिन बंद, बोट तिवरांच्या कडेला. आधी चिखलाचा पट्टा अरुंद होतो, पक्षी एकमेकांना खेटत जातात, गुरगुर वाढते, बदकांच्या कलकलाटासारखी. पोटाला पाणी लागलं की कडेचे दहा-बारा पाण्यावर धावायला लागतात, माना पुढे, पाय मागे. मग बाकीचे. नवी मुंबईकडच्या तळ्यांवर भरतीपुरतं टेकायला निघतात, तुमच्या डोक्यावरून.

दुर्बीण लेकीच्या हातात द्या. वहीत तिने 'रोहित' लिहिलं तरी चालेल, 'फ्लेमिंगो' लिहिलं तरी. बाईंनी खोडून 'राजहंस' केलं तर मला सांगा.